पंचावन्न पायऱ्यांचं दुखणं

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
खारीचा क्रेनच्या उंचीवरून सा. न. वि. वि.

फोनवर मी ‘बरं’ म्हणते आणि तुला ‘खरं’ ऐकू येतं, म्हणून आपलं पत्रच बरं.

मालधक्क्यावर मला आठ महिने झाले. पंचावन्न पायऱ्यांची शिडी चढून केबिनमध्ये बसायचं आणि खालचे कंटेनर काडेपेट्यांसारखे उचलून ठेवायचे. पोरीचा हात लोण्यासारखा चालतो, असं सुपरवायझर परवा कुणाला तरी सांगत होते म्हणे. ते ऐकून मी दिवसभर हवेत होते. तशी रोजच असते म्हणा.

आता तुझ्यापासून काय लपवायचं? तीन आठवडे ओटीपोटात दुखतंय. कधी कळ येते, कधी नुसतं जड वाटतं. आई म्हणते गॅस. दादा म्हणतो अपेंडिक्स, कारण त्याला तेवढं एकच नाव ठाऊक आहे. शेजारच्या काकू म्हणतात लग्न कर. मी आपली गोळी गिळते आणि वर चढते. कामावर कुणाला सांगितलेलं नाही. तिथे मी एकटीच बाई. जरा कण्हले की म्हणतील, तरी आम्ही सांगत होतो. तू चौतीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढलीस. तूच सांग, काय घेऊ?

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
खार


९ फेब्रुवारी

चि. खारीस आत्याचे भरभरून आशीर्वाद.

पत्रातून औषध सांगणारी नर्स शहाणी नसते, तेव्हा ते मागू नकोस. ओटीपोट म्हणजे एका खोलीत चार बिऱ्हाडं. आतडी तिथेच, मूत्राशय तिथेच, गर्भाशय आणि अंडाशयही तिथेच. कोण ओरडतंय ते दाराबाहेरून कळत नाही, विचारावं लागतं. दुखणं एका जागी आहे की सरकतं? उजवीकडे खाली टोचतं का? पाळीच्या दिवसांत वाढतं का? लघवीला जळजळ होते का, सारखं जावंसं वाटतं का? आणि शेवटचं, हसू नकोस: सकाळी घर सोडल्यापासून परत येईपर्यंत तुझा दिवस कसा जातो? पाणी किती पितेस, लघवीला कधी जातेस?

उत्तरं मला नको, डॉक्टरांना दे, आणि या आठवड्यातच दे. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखलं, उलट्या झाल्या, पोट कडक झालं किंवा चक्कर आली, तर आठवड्याचीही वाट बघायची नाही. तसंच उठून दवाखाना गाठायचा.

काकूंना सांग, लग्नाने पोटदुखी जात असती तर आमचे वॉर्ड ओस पडले असते.

काळजीत असलेली, पण तुला कळू न देणारी,
आत्या


१९ फेब्रुवारी

ती. आत्यास उशीला टेकून नमस्कार.

घाबरू नकोस, घरी आलेय. तुझं पत्र दुपारी आलं आणि संध्याकाळी मला हुडहुडी भरली. आईने तुझ्या ओळी वाचल्या होत्या. तिने मला चप्पल घालायलाही वेळ दिला नाही.

चार दिवस रुग्णालयात होते. डॉक्टरबाईंनी पोट तपासलं, रक्त-लघवी पाठवली, सोनोग्राफी केली. अपेंडिक्स नाही, खडा नाही, बाकीचीही बिऱ्हाडं शांत. लघवीचं इन्फेक्शन होतं, ते वर चढत उजव्या किडनीपर्यंत पोचलेलं. आधी शिरेतून औषध दिलं, आता गोळ्या आहेत. बरं वाटलं तरी एकही गोळी चुकवायची नाही, अशी तंबी आहे.

तुझ्या प्रश्नांचा कागद मी त्यांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि कुणी लिहिलाय म्हणून विचारलं. माझी आत्या, असं सांगताना मला तापातही केवढा ताठा आला होता! मग तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी दिलं. खाली उतरून, धक्क्याच्या टोकाला असलेल्या संडासात जाऊन परत वर यायला पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ क्रेन उभी, खाली ट्रकांची रांग. म्हणून मी सकाळचा चहासुद्धा सोडला. आठ तास पाण्याचा थेंब नाही, आणि लागलीच तर दाबून धरायची. बाईंनी शांतपणे सांगितलं, की औषधाने हे इन्फेक्शन जाईल, पण दिवस असाच राहिला तर ते पुन्हा येईल.

कामावर नुसता ताप म्हणून कळवलंय. तेवढंच राहू दे ना?

तुझी,
खार


२३ फेब्रुवारी

चि. खारीस आशीर्वाद, आणि एक पेला पाणी, आत्ताच.

नोकरी तुझी, शरीर तुझं. हुकूम मी सोडणार नाही. एवढंच सांगते, की तुझ्या हिमतीचं मला फार कौतुक आहे, पण किडनीला कौतुक कळत नाही.

आत्या


१४ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सांगितलं. दोन आठवड्यांपूर्वी, सोमवारी सकाळी सगळे ऑपरेटर चहाचे पेले घेऊन उभे होते, तेव्हाच सांगितलं. आवाज कापत होता. मला काय झालं होतं, कशाने झालं होतं, आणि यापुढे दर दोन-अडीच तासांनी मला खाली उतरावं लागेल, तेवढ्यापुरता बदली माणूस द्या, असं म्हणाले. दोघे हसले. सुपरवायझर हजेरीची वही चाळू लागले.

तेवढ्यात तात्या पुढे आले. हे धक्क्यावरचे सगळ्यांत जुने ऑपरेटर. मला क्रेन यांनीच शिकवली, पण एरवी दिवसाला चार शब्द खर्च करणार नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सांगितलं, की आपल्यालाही खाली पोटात सहा वर्षं दुखतंय, दोनदा लघवीतून रक्त गेलं, पण असलं बोलायचं नसतं असं समजून गप्प बसलो. पोरगी बोलली, मग आपण कसली लाज धरायची? आत्या, हसणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. मग एकेकाला वाचा फुटली. एकाने तर कबूल केलं, की तो केबिनमध्ये बाटली ठेवतो.

आता एक जादा ऑपरेटर या क्रेनवरून त्या क्रेनवर बदलीला फिरतो आणि शिडीच्या पायथ्याशी संडास बांधायला घेतलाय. तात्यांच्या मूत्राशयात बोराएवढा खडा निघाला. दुर्बिणीने फोडून काढला, पुढच्या सोमवारी ते कामावर येतील. सगळे मला हुशार म्हणतात. मी त्यांना सांगते, हुशार माझी आत्या. कुणाला सुचला नाही तो प्रश्न तिने विचारला.

तुझ्या मायेची हक्कदार,
खार


२० मार्च

चि. खारीस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तात्यांना माझा नमस्कार सांग. सहा वर्षांची लाज चारचौघांत उतरवून ठेवायची, याला छाती लागते. आणि तुझा आवाज कापत असताना तू बोललीस, याचं मला जास्त कौतुक.

हुशारी मात्र परत पाठवते. ती माझी नाही. नोकरीच्या सहाव्या वर्षी एक शिक्षिका वर्षभरात तीनदा हेच दुखणं घेऊन आली. तिन्ही वेळा मी गोळ्यांची पुडी तिच्या हातावर ठेवली आणि मनात म्हटलं, नाजूक आहे. चौथ्यांदा तिला स्ट्रेचरवरून आणलं. वाचली, पण एक किडनी गेली. बरी होताना एकदा सहज बोलून गेली, की शाळेतल्या संडासाला कडी नव्हती, म्हणून ती दिवसभर जातच नसे. मी विचारलं असतं तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी प्रत्येकाला दिवस कसा जातो ते विचारत आले. हे तुझ्या बाबालाही कधी सांगितलं नाही.

तिचा पत्ता माझ्याकडे नाही. असता, तर तुझं पत्र मी तिला पाठवून दिलं असतं.

माया आहे, ती अशीच राहू दे.

तुझी,
आत्या