दुर्गा बर्गर सेंटर सक्तीने बंद करून मिळणेबाबत

प्रति,
मा. परवाना व स्वच्छता निरीक्षक,
नगरपंचायत कार्यालय, बाभळटेक,
जि. सोलापूर.

दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५

विषय : एस.टी. स्टँडसमोरील दुर्गा बर्गर सेंटर हे दुकान अर्जदाराच्या मालकीचे असूनही अर्जदारास बंद करता येत नसल्याने, ते सरकारी हुकुमाने सील करून मिळणेबाबत.

संदर्भ : याच मागणीचा अर्जदाराचा पहिला अर्ज, ज्याची चौकशी आपण टेबल क्र. तीनवर बसून केली.

महोदय,

१) अर्जदार रामहरी, वय ५९, याने वीस वर्षांपूर्वी पुण्यात बर्गरची गाडी पाहिली आणि गावात येऊन तसलेच दुकान टाकले. बनमध्ये बटाट्याची टिक्की, आणि सॉसच्या जागी पत्नी दुर्गा हिची शेंगा चटणी. गावाने आधी नाके मुरडली, मग गावाला त्याचे वेड लागले. नेहमीची सहा मंडळी सकाळी सातला येऊन आपापल्या ठरलेल्या खुर्चीवर बसतात, कांदा स्वतःच्या हाताने घेतात, पंखा आपल्याकडे फिरवतात. अर्जदारास याचा अभिमान होता, हे तो नाकारत नाही.

२) दुर्गा एकोणीस वर्षे तव्यापाशी उभी राहिली. दुकानातल्या खुर्चीवर ती कधी बसली नाही, कारण खुर्च्या मंडळींच्या होत्या. गेल्या वर्षी ती सोलापूरला दवाखान्यात दाखल झाली, तेव्हा अर्जदारास म्हणाली, "आता त्यो तवा उतरवा. एकदा मोहोळला कुटंतरी हाटेलात दोघं बसू. दुसऱ्यानं करायचं, आपण खायचं." अर्जदाराने हो म्हटले.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला, की ताबडतोब निघा. अर्जदार शटर ओढत असता मंडळींचे पुढारी श्री. बिरुदेव यांनी ते हाताने धरले व म्हणाले, "येवढी एक फेरी देऊन जा की. वैनी काय पळून चालल्यात व्हय?" मंडळी हसली. अर्जदारही हसला. सहा बर्गर भाजून तो निघाला. तो पोचण्याच्या वीस मिनिटे आधी दुर्गा गेली होती. स्वतःच्या त्या हसण्याची अर्जदारास आजही शिसारी येते.

३) दहाव्या दिवशी पिंड ठेवला. दीड तास झाला तरी कावळा शिवेना. अर्जदार हात जोडून मनातल्या मनात म्हणत होता, तवा उतरवतो, मोहोळला जाऊन बसतो. कावळा समोरच्या बाभळीवर ढिम्म. शेवटी अमृत गुरुजी म्हणाले, की वहिनींचा जीव दुकानात अडकला आहे. श्री. बिरुदेव यांनी धावत जाऊन एक बर्गर आणला, पिंडाला लागून ठेवला आणि सगळ्या गावादेखत ओरडले, "वैनी, निवांत जावा! दुकान एक दिस बंद पडू देणार न्हाय!" त्याच क्षणी कावळा खाली उतरला. मंडळी ढसाढसा रडली.

अर्जदार येथे नम्रपणे नमूद करतो की, सदर कावळा त्याच्या ओळखीचा आहे. तो डाव्या पायाने अधू असून दुकानामागे टाकलेले बनचे तुकडे रोज खातो, म्हणजे तोही नेहमीच्या मंडळींपैकीच आहे. अर्जदाराने हे तिथेच सांगितले. गुरुजींनी, दुःखाने याचे डोके फिरले, असे म्हणून त्यास पाणी पाजले. तरीही एखाद्या वेळी तव्यापाशी उभे असता अर्जदारास वाटून जाते, की दुर्गाने खरेच मन बदलले असेल का. ही शंका फार वाईट आहे, साहेब.

४) मयताला दिलेला शब्द मोडता येत नाही, असे आता गाव म्हणते. तो शब्द अर्जदाराने दिलेला नाही, हे कोणी ऐकत नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडले नाही, तर मंडळींनी दुसऱ्या किल्लीने शटर उघडले, गॅस पेटवला आणि त्यास घरून हाताला धरून आणले. ती किल्ली त्यांच्याकडेच आहे. गल्ल्यावर दुर्गाचा फोटो असलेला फ्लेक्स लावला आहे : "वहिनी, शब्द पाळला!" खाली सहाजणांचे फोटो आहेत, ते दुर्गाच्या फोटोपेक्षा मोठे आहेत.

५) पहिल्या अर्जानंतर आपण तपासणीस येणार म्हणून अर्जदाराने आठ दिवस टेबले पुसली नव्हती, जाळी काढली नव्हती. आपण स्वतःच्या रुमालाने टेबल पुसलेत, दोन बर्गर खाल्लेत आणि वहीत लिहिलेत, "घरगुती वातावरण." अर्जदार त्या दिवशी मागे जाऊन रडला.

६) आता कळस झाला आहे. चटणीला पहिली चव राहिली नाही, अशी मंडळींची तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून त्यांनी अर्जदारासाठी टेंभुर्णीचे स्थळ आणले. बाई दाखवली नाही. तिच्या चटणीची वाटी आणली. ती सर्वांनी चाखली, आपणही बोट चाटून मान डोलावलीत, आणि लग्न ठरले. रविवार, दि. २३. अर्जदाराने न राहवून त्या बाईंना, म्हणजे मथुराबाईंना, फोन केला. त्या म्हणाल्या, "मला बी कुणी इचारलं न्हाय. माज्या भावाला तुमचा बर्गर लई आवडतोय, येवढंच ठाव हाय."

दुर्गा तव्यापाशी उभी राहून संपली. आता तिथेच दुसरी बाई उभी करायची आहे.

७) तरी विनंती की, दि. २३ पूर्वी दुकानास सील ठोकावे. कारण कोणतेही लिहावे : गटार, धूर, रस्तारुंदी, अर्जदार सही करेल. सरकारी हुकुमापुढे कावळ्याचेही चालत नाही, असे अर्जदारास वाटते. सील होताच तो मोहोळला जाईल, दोन खुर्च्यांच्या टेबलावर बसेल आणि दोघांचे मागवील. याखेरीज त्याची काही मागणी नाही.

एकच विनवणी, या वेळी येताना कृपया उपाशी पोटी येऊ नये.

आपला नम्र आणि उभे राहून थकलेला,
(सही)
रामहरी

सोबत :
१. दुर्गा हिच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत (वेळेखाली रेघ मारली आहे).
२. फ्लेक्सचा फोटो.
३. कावळ्याचा फोटो (डावा पाय दिसतो).
४. शटरची अर्जदाराकडे उरलेली एकमेव किल्ली, सील करतेवेळी वापरण्यासाठी.

कार्यालयीन शेरा :
अर्ज वाचला. बंद करण्याजोगे कारण दिसत नाही. दप्तरी दाखल. सोबतची किल्ली श्री. बिरुदेव यांच्या ताब्यात दिली. रविवारी लग्नाची गडबड असल्याने दुकान सातऐवजी साडेसहाला उघडावे.
(सही)
निरीक्षक