स्मिथी सापडत नाही

कर्वेनगर, पुणे
६ जानेवारी २०२६

चि. अस्मितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या मेळघाटात फोन लागत नाही हे काकांना अजून पटलेलं नाही. रोज संध्याकाळी ते एकदा लावून बघतात आणि त्यातली बाई हिंदीत काहीतरी सांगायला लागली की तिच्यावरच रागावून ठेवून देतात. मला मात्र मनातून बरंच वाटलं. तुझी आई आणि मी लग्नानंतर कितीतरी वर्षं एकमेकींना पत्रं लिहीत होतो. ताई गेल्यापासून माझं शाईचं पेन नुसतं पडून होतं. आज धुऊन, शाई भरून घेतलं.

तू सामान ठेवायला आलीस तेव्हा मी नेमकी कोल्हापूरला लग्नात. काकांना विचारलं, अस्मितानं काय काय ठेवलंय? म्हणाले, एक काचेची पेटी आणि एक पुठ्ठ्याचं खोकं, आत काय आहे ते तू बघ, मी तिला चहा दिला. एवढीच माहिती मिळाली. बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाची ही चौकसपणाची तऱ्हा.

पेटी दिवाणखान्यात ठेवली आहे, खिडकीपासून लांब. आतल्या बाईसाहेब अगदी देखण्या आहेत हो! काळ्या मखमलीवर केशरी गुडघे. मी आधी लांबून, मग चष्मा लावून, मग चक्क खुर्ची ओढून बघत बसले. घरात प्रत्येकाने तिला आपापलं नाव दिलं आहे. काका कोळी म्हणतात, कामाला येणारी दीपाली केसाळ खेकडा म्हणते. किडे आणायला दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, म्हणजे रेड नी, लाल गुडघेवाली ना? मी एकालाही जुमानलं नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथा जीवशास्त्र शिकवायच्या. त्या म्हणायच्या, बाजारातली नावं फसवतात, लॅटिन नाव कधी फसवत नाही. ते बाप्तिस्म्याचं नाव आहे, एकदा ठेवलं की ठेवलं. जास्वंदीचं लॅटिन नाव चुकलं म्हणून मी तासभर बाकावर उभी होते. तेव्हापासून ते डोक्यात पक्कं बसलं आहे.

आणि त्यामुळेच आता बॅटरी घेऊन घरभर फिरते आहे. काचेच्या पेटीवर तुझ्या अक्षरात 'ब्रॅकिपेल्मा हॅमोराय' असं लिहिलं आहे. खोकं उघडलं तर त्यात भोकं पाडलेला एक प्लास्टिकचा डबा, त्यावर छापील चिठ्ठी, 'ब्रॅकिपेल्मा स्मिथी'. डब्याचं झाकण अर्धवट उघडं आणि आत कुणी नाही. लॅटिन नावं दोन, म्हणजे कोळी दोन. काकांनी मोबाइलवर शोधलं. तिथेही हेच, दोन्ही मेक्सिकोच्या, दोघींनाही रेड नीच म्हणतात, पण जाती वेगळ्या. हॅमोराय घरात आहे. स्मिथी कुठे आहे?

सोफा उलटा केला, कपाटं आणि पलंग झाडून काढले, गॅसच्या सिलिंडरमागे बॅटरी मारली. काका म्हणाले, निदान देव्हाऱ्यात नको शोधूस, तिथे असली तर तिच्या मर्जीने असेल. त्यांना विनोद सुचतात. समोरच्या सलोनीचं बाळ नुकतंच रांगायला लागलं आहे, आणि आमची दोन्ही दारं दिवसभर उघडी असतात. शेजारी सांगू की नको? तुला न विचारता सांगितलं तर तुझ्या दुसरीलाही ठेवू देणार नाहीत. लगेच उत्तर लिही.

बाकी कुशल. आहे तो लोभ राहू दे, स्मिथी सापडेपर्यंत तरी.

तुझी,
सुनीती मावशी

*

मु. पो. धारणी, मेळघाट
८ जानेवारी

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

आमची जीप दर मंगळवारी धारणीच्या पोस्टात जाते, म्हणून हे आधीच लिहून ठेवते आहे. तुझं पत्र अजून आलेलं नाही. आम्ही पहाटे उठून रानपिंगळे मोजतो. पिंगळे आम्हाला मोजतात असंही वाटतं, कारण ते हलत नाहीत आणि आम्ही थंडीने सारखे हलत असतो. इथली कढी चांगली असते. स्वेटर तू विणलेलाच घातला आहे, त्यामुळे टीममध्ये मला मोसंबी म्हणतात.

मावशी, तू तिला ठेवून घेतलंस याचे आभार कसे मानू कळत नाही. हॉस्टेल सुटलं, नवी खोली अजून मिळालेली नाही, आणि मैत्रिणी फोटो बघूनच नाही म्हणाल्या. आई गेली त्या वर्षी मी तिला घेतली. दिवसभर कॉलेजात ठीक असायचं. खोलीवर येऊन दिवा लावला की ती एक पाय हळूच उचलायची. तिला काही कळत नसतं, उजेडाने दचकते, मी प्राणिशास्त्रच शिकले आहे. पण कुणीतरी आपली वाट बघत होतं असं वाटायचं.

स्मिथी दिसली नाही तर घाबरू नकोस हं. अंधारात कुठेतरी दडून बसते आणि कधी कधी आठवडेच्या आठवडे खात नाही, तरी ठणठणीत असते. फक्त तिला डिवचायचं नाही. सहसा चावत नाही, पण चिडली की पाठीवरचे बारीक केस मागच्या पायांनी उडवते. ते डोळ्यात गेले तर फार आग होते. पाण्याची वाटी भरलेली ठेव. काकांना सांग, त्यांचा चहा साखरेचा पाक होता, पण प्रेमाचा होता.

लोभ वाढवत राहावे. माझ्याकडून तो कमी होणार नाही याची खात्री असू दे.

तुझी,
मोसंबी ऊर्फ अस्मिता

*

कर्वेनगर, पुणे
१७ जानेवारी

चि. अस्मितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. माझं अजून तुझ्यापर्यंत पोचलेलं नसावं. तू लिहिलंस, स्मिथी अंधारात दडून बसते, आठवडे खात नाही, आणि केस उडवते, ते डोळ्यात जातात. अगं, मी ते वाचलं आणि समोरून बाळाचा आवाज आला. ते आमच्या उंबऱ्यावर बसून दाराच्या फटीत बोटं घालत होतं. मग मला राहवलं नाही. उठले आणि सलोनीला सगळं सांगून टाकलं.

ती ओरडली नाही, हेच वाईट. शांतपणे बाळ उचललं, बॅग भरली आणि येरवड्याला माहेरी गेली. तिचा नवरा अभिनव दाराखालच्या फटी चिकटपट्टीने बंद करत बसला होता, मला बघून फक्त हसला. तिच्या सासूबाई, तनुजाबाई, त्या मात्र गेल्या नाहीत. म्हणाल्या, मी सदाशिव पेठेत वाढले, तिथे याहून विषारी माणसं होती.

सोसायटीच्या भीमरावांना तू ओळखतेस, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, अध्यक्ष. बोलणं इतकं आदबशीर की आपल्याला नाही म्हणत आहेत हे घरी आल्यावर कळतं. खोक्यात मिळालेला तुझा सरकारी नोंदणीचा कागद दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, व्यवस्थित आहे म्हणाले, आणि कागदावर एकच जनावर कसं, असंही विचारलं. नोंद नसलेली दुसरी सुटलेली आहे म्हटल्यावर त्यांचाही नाइलाज झाला. ठरलं ते असं: हरवलेली सापडो न सापडो, घरात आहे ती सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनानंतर जाईल. त्यांच्या ओळखीचे एक सर्पमित्र येऊन घेऊन जाणार आहेत, पुढे त्यांच्या माहितीतल्या कुठल्याशा केंद्रात. परत मिळेल का विचारलं तर म्हणाले, वहिनी, ते माझ्या हातात नाही.

तुझी पाय उचलणारी मी अशी घालवणार. एकीला हरवलं, म्हणून दुसरीला बाहेर. खरं बोलले याचा पश्चात्ताप होत नाही, बाळ बाळच आहे. पण ताईच्या लेकीने विश्वासाने एक गोष्ट माझ्याकडे दिली होती, आणि ती मला सांभाळता आली नाही.

ती गेले चार दिवस खात नाही, सुस्त आहे. माझ्यासारखीच.

राग आला तर ये, भांड, पण लोभ सोडू नकोस.

मावशी

*

मु. पो. धारणी
१९ जानेवारी

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी पोस्टातून परतताना जीपचा पाटा तुटला आणि टपाल तिच्यातच अडकलं, म्हणून सहा तारखेचं तुझं पत्र आज हातात पडलं. आधी मी खूप हसले, मग तू सिलिंडरमागे बॅटरी मारतेस असं डोळ्यांसमोर आलं आणि अपराधी वाटलं. मावशी, कोळी एकच आहे. एकच होती. स्मिथी आणि हॅमोराय या एकीचीच नावं.

झालं असं. मी ती घेतली तेव्हा दुकानदाराने त्या प्लास्टिकच्या डब्यात दिली, वर स्मिथी लिहून. जगभर तेव्हा लोक रेड नी म्हणून जी पाळायचे तिला बहुतेक जण स्मिथीच म्हणत. पुढे शास्त्रज्ञांनी जुने नमुने काढून तपासले. तेव्हा कळलं की मेक्सिकोतली खरी स्मिथी निराळीच, आणि लोकांच्या घरातल्या बहुतेक हॅमोराय. मी पेटीवर नवं नाव लिहिलं, पण तोंडात जुनंच बसलंय, पत्रातही तेच आलं. डबा रिकामाच होता, प्रवासात लागेल म्हणून दिला. सिस्टर अगाथांना सांग, लॅटिन नावंसुद्धा बदलतात. काही कोळ्यांची तर कुळंच बदलली आहेत.

ती सुस्त झाली आणि खायची थांबली तर हात लावू नकोस, कात टाकायची वेळ झाली असेल. उताणी पडेल. मेली असं समजून रडू नकोस, मी पहिल्यांदा रडले होते.

शेजारी अजून सांगितलं नसशील तर सांगूच नकोस. इतका लोभ कर.

तुझी,
अस्मिता

*

कर्वेनगर, पुणे
२६ जानेवारी, संध्याकाळ

चि. अस्मितास,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि एक चापट.

तुझं पत्र परवा शनिवारी आलं. पण शुक्रवारी काय झालं ते आधी ऐक. सकाळी पडदा सरकवला तर पेटीत दोघी! एक चकचकीत, केशरी गुडघे नुकते रंगवल्यासारखे. दुसरी तिच्याशेजारी, जरा मळकी, पाय पसरून निवांत. मी देवाला हात जोडले. स्मिथी आपण होऊन बहिणीकडे परत आली असं मी काकांना सांगितलं. झाकण बंद असताना कुठून आली, असं त्यांनी विचारलं, तर मी त्यांनाच झापलं. मंडईत भेटलेल्या बायकांनाही सांगून आले. भीमराव येऊन बघून गेले, एक, दोन, बोटाने मोजून. दोघी हजर म्हटल्यावर सलोनी बाळाला घेऊन परत आली. मात्र भीमरावांचा निर्णय बदलला नाही. उलट आता सर्पमित्राला दोन डबे आणायला सांगतो म्हणाले.

आणि शनिवारी तुझं पत्र. एकच आहे! मी पेटीसमोर बसून दुसरीकडे बघत राहिले. ती दोन दिवसांत जराही हलली नव्हती.

आज झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, आणि खाली मांडवातच सभा बसली. मी उभी राहिले आणि तुझ्या पत्रातलं जसंच्या तसं सांगितलं. कुणी विश्वास ठेवायला तयार नाही. आधी दोन, मग एक, परवा पुन्हा दोन, आज म्हणता मुळात एकच, असं तळमजल्यावरचे जोशी म्हणाले, आणि हिशेब म्हणून त्यांचं बरोबरच होतं. दोन नावं असताना प्राणी एक कसा, हे भीमरावांना पटेना. सरकारी माणूस, नाव बदललं की ते राजपत्रात आलेलं असलं पाहिजे.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून तनुजाबाई बोलल्या. तोंडात जिलेबी होती, ती संपवून.

"मी माहेरची हिरा, सासरची तनुजा. म्हणून काय आमच्या ह्यांनी दोन बायका केल्या?"

अस्मिता, मांडवात ज्या बायका बसल्या होत्या ना, आमच्या वयाच्या, त्या सगळ्या हसायला लागल्या. मग एकेक सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पूर्वीच्या कुमुद, गोखलेबाई पूर्वीच्या सिंधू. तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि झालं, कुणी विचारलंही नाही. मीसुद्धा लग्नाआधीची पद्मा. ताई मला शेवटपर्यंत पद्मीच म्हणायची. इतक्या वर्षांच्या शेजारणी, आणि एकमेकींची पहिली नावं आज कळली.

भीमरावही हसले, पण म्हणाले, नावाचं मान्य. पेटीत दोन दिसतात त्याचं काय? तेव्हा मी पेटी खाली आणवली. आजवर मी झाकण उघडून फक्त किडे टाकले आहेत, तेही डोळे मिटून. आज उघडे ठेवले. तळणीचा लांब झारा आत घातला. चकचकीत असलेली एक पाय उचलून कोपऱ्यात सरकली. झारा दुसरीखाली गेला तर हाताला वजनच लागेना. उचलली आणि भीमरावांपुढे धरली. कांद्याच्या सालीसारखी, आठही पाय शाबूत, आणि आत कुणी नाही. सलोनी बाळाला कडेवर घेऊन पुढे आली, बघून म्हणाली, अय्या, हिने तर नुसते कपडे बदललेत.

सर्पमित्रही आले होते. त्यांनी तुझा कागद वाचला, कात बघितली, जिलेबी खाल्ली आणि रिकामे डबे घेऊन परत गेले. पेटीला कुलूप लावायचं या अटीवर सभेने परवानगी दिली. तसं लिहून घेताना भीमरावांनी विचारलं की वहिनी, ही पाहुणी अजून किती दिवस राहील? मला खरं तर तू मार्चमध्ये परत येणार, मग खोली मिळेपर्यंत, असं सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं, "पाहुणी नाही, घरचीच आहे." काकांनी लगेच मान डोलावली. मागची खोली रिकामी करतो असं ते वर येताना स्वतःहून म्हणाले, आणि पुस्तकं हलवायलाही लागले आहेत.

तेव्हा तिकडून खोल्यांच्या जाहिराती शोधत बसू नकोस. मार्चमध्ये सामान घेऊन सरळ इथे ये. दिवा लावायला आम्ही दोघं आहोत, पाय उचलायला ती आहे.

कळावे. लोभ आता रोज समोरासमोर व्हावा.

तुझी मावशी,
पद्मी