ओढ बसली की सुटणारे जोड

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा सगळ्यांनी ऑफिसला दोष दिला. रेल्वेच्या इंजिनिअरचं काम, वेळीअवेळी फोन, सारख्या बदल्या, मग हार्ट अटॅक येणारच, असं मंडळी म्हणत राहिली आणि आई मान हलवत राहिली. तुम्ही छावणीतल्या रस्त्यावर रोजच्यासारखे सकाळी धावता धावता पडलात, याचं तर लोकांना हळहळत का होईना, कौतुकच वाटलं. "व्यायाम करता करता गेला, भाग्यवान माणूस," असं नागपूरचे काका म्हणाले होते. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मलाही ते पटलं होतं. आता कळलंय की तुम्हाला ऑफिसनं मारलं नाही, त्या धावण्यानंच मारलं. आईही गेली, त्यामुळे हे सांगायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

तुम्ही मला एकदा यार्डात नेलं होतं, आठवतं? मालगाडी सुटत होती. इंजिन हललं तरी आपल्यासमोरचा डबा जागचा हलला नाही. मग लांबून खाड् खाड् आवाज यायला लागला, एकेका कपलिंगचं ढिलेपण निघत तो आपल्यापर्यंत आला आणि पुढे गेला, आणि मगच समोरची चाकं फिरली. "डबे सगळेच बघतात," तुम्ही म्हणालात, "ओढ जाते ती जोडातून. जोड बघायचे." मी फ्रॉकला ग्रीस लावून घरी आले आणि आईची बोलणी तुम्ही खाल्लीत. पुढे मी आयुष्यभर तेच केलं, बाबा. जोड बघत बसले, फक्त पेशींचे.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगताच आलं नाही, कारण ते सुरू होण्याआधीच तुम्ही गेलात. पेशी शेजारच्या पेशीला काही प्रथिनांनी धरून असते. तिला डोळे नाहीत, कान नाहीत. ती आपल्या जोडावर ओढून बघते आणि पलीकडून किती ताण येतो त्यावरून ठरवते, घट्ट धरायचं की सोडायचं. ओढ बसली की जोडातल्या एका प्रथिनाची घडी उलगडते, घडीत लपलेली जागा उघडी पडते, आणि तिथे दुसरं प्रथिन येऊन टेकू देतं. ओढ वाढली की पकडही वाढते. मी मायक्रोस्कोपखाली हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं होतं, बाबा असते तर खूश झाले असते. उंदराच्या हृदयाच्या पेशी काचेवर ठेवल्या तर आधी प्रत्येक आपापली धडधडत असते. मग त्या एकमेकींना चिकटतात, आणि काही वेळानं सगळ्या एका ठेक्यात येतात. माझी लेक लहान असताना हे बघून टाळ्या वाजवायची.

ती आता अकरावीत आहे. तुम्ही तिला पाहिलं नाही, पण ती तुमच्यासारखीच धावते. खांदे तसेच किंचित उचललेले, तोंड तसंच घट्ट मिटलेलं. गेल्या हिवाळ्यात सरावात ती पडली, आणि तुमच्यासारखी न जाता उठली, एवढंच आपलं नशीब. मग तपासण्या झाल्या, घराण्याची चौकशी झाली, आणि डॉक्टरांनी मला जे समजावून सांगितलं ते मी माझ्या विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवते. आपल्या घरातल्या हृदयांत जोडाचं एक प्रथिन अपुरं बनतं. रोजच्या कामाला ते पुरतं. जोर लावला, की जिथे पकड वाढायला हवी तिथे जोड उसवतो, पेशी मरतात, त्यांच्या जागी चरबी आणि व्रण भरतो, आणि ठोका वाट चुकतो. तुमच्याकडून ते माझ्यात आलं, माझ्याकडून तिच्यात. माझ्यात गप्प बसलंय. तिच्यात बसलं नाही.

औषध नाही. छातीत एक यंत्र बसवलंय, ठोका बिघडला तर ते झटका देईल. उसवणं ते थांबवत नाही. धावणं बंद केलं तर ते सावकाश होईल, इतकीच आशा. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती मला तिच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाली, "मम्मा, आप तो यही पढ़ती हो ना लैब में? तो ठीक करो।" मी म्हटलं, "कळणं वेगळं आणि ठीक करणं वेगळं गं." "तो फिर क्या फ़ायदा, यार," म्हणाली आणि पोह्यांची बशी तशीच ठेवून गेली.

त्याच वयात मी तुमच्याबरोबर धावत असे. दिलकुशा बागेच्या बाजूला एकदा माझी छाती इतकी धडधडली की मी रस्त्याच्या कडेला बसले. तुम्ही मागे वळून आलात, पाणी दिलंत आणि रागावलात, "अर्ध्यावर सोडायची सवय लागली की सुटत नाही. चल ऊठ." मी उठले. पुढच्या वाढदिवसाला तुम्ही मला धावायचे बूट दिलेत, एक माप मोठे, बोटांशी कापूस घालून वापरायचे. मला त्या बुटांचा केवढा अभिमान होता! तुम्ही मला मृत्यूच्या दिशेनं पळवत होतात आणि आपल्या दोघांनाही ते प्रेम वाटत होतं. प्रेमच होतं ते. त्याचा राग कुणावर काढायचा?

लेक महिनाभर बूट घालून खाली अंगणात बसत होती. मला भीती वाटायची की मी लॅबमध्ये असताना ही गुपचूप निघेल. गेल्या रविवारी दशहरी आंबा चोखत तिनं सहज विचारलं, "नानाजी को पता होता, तो वो रुक जाते?"

"हाँ," मी म्हटलं. "लगेच थांबले असते."

तिनं कोय चोखून संपवली. मग आत गेली, बूट धुतले आणि वाळवून खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन आली. तेव्हापासून ती धावण्याचं नावही काढत नाही.

हे पत्र मी आता फाडणार आहे. तिच्या हिंदीची लिपीही हीच, आणि घरातलं मराठी तिला चांगलं कळतं. तुम्ही थांबला नसतात, बाबा. एक दिवससुद्धा नाही.