कोरडे चमचे

बार्सिलोना बंदर
दि. ९ मे २००४

ती. सगुणाताईस,
म्हादूचा सा. न. वि. वि. नमस्कार केलाय, पण राग आहे तो आहेच.

आणि ते भांड्यांचं आता पुरे कर गो. आपल्या खानावळीतले चार टोप घासताना मेल्याला लाज वाटायची, आणि आता जहाजावर गोऱ्यांची खरकटी काढतो. हे तू दिवाळीत लिहिलंस, शिमग्यात लिहिलंस आणि परवाच्या पत्रात परत. लाज नव्हती वाटत, कंटाळा यायचा. सातवीत दोनदा बसलो तेव्हा बाईंनाही हेच सांगितलं होतं, त्यांनाही पटलं नव्हतं. एका जागी बसलं की माझ्या पायांना मुंग्या येतात, त्याला मी काय करू? इथे निदान जागाच हलते.

तर ऐक, भांडी सुटली. जहाजाच्या अकराव्या मजल्यावर एक छोटं हॉटेल आहे, चाळीस खुर्च्यांचं. खाली हवं तेवढं जेवण तिकिटातच धरलेलं असतं, तरी लोक जास्तीचे पैसे भरून वर येतात. काय खायचं ते गिऱ्हाइकाने सांगायचं नाही, साहेब ठरवतो. सोळा पदार्थ, एकामागून एक, प्रत्येक एका घासाचा. तीन तास चालतं. आईच्या परातीएवढी बशी आणि तिच्या मधोमध सुपारीएवढी वस्तू. वाटाण्याचा रस काढतात, त्याचा परत हिरवा गोळा करतात, तोंडात टाकला की फुटतो. म्हणजे वाटाणा होता, त्याचा वाटाणाच केला. शिंपल्यांच्या पाण्याचा फेस काढून चमच्याने वाढतात, समुद्राचा वास यावा म्हणून. ज्या वासाला मिरकरवाड्यात पाहुणे नाकाला रुमाल लावतात, त्याला इथे टाळ्या.

साहेब म्हणजे तिथला मुख्य कुक, नाव दुआर्ते, पोर्तुगालचा. त्याच्याकडचा एक माणूस आजारी पडून उतरला, तेव्हा आग्नेलने माझं नाव घातलं. आग्नेल मडगावचा, माझ्याच खोलीत वरच्या बाकावर झोपतो. साहेबाचं इंग्रजी मला तोच समजावतो. हा करार सप्टेंबरअखेर संपतो. तोवर टिकलो तर पुढच्या करारात पक्का कुक. नाही टिकलो तर परत खाली, टोपांत.

एक अडचण आहे. इथे प्रत्येकाला छोट्या चमच्यांचा डबा देतात. करशील ते आधी चाखायचं, चमचा दुसऱ्या डब्यात टाकायचा आणि मग पदार्थ पुढे द्यायचा. आता तूच सांग, दुसऱ्याच्या पानात जायच्या आधी आपण तोंड लावायचं? आईने कधी पळी ओठाला लावली? वाफेवर नाक धरायची आणि सांगायची, मीठ वायंच कमी आहे. मीही तेच करतो. साहेबाकडे पाठ करायची, चमचा तोंडापर्यंत न्यायचा, नाकाने घ्यायचं आणि चमचा डब्यात. सहा आठवडे झाले, एका रश्शात चूक नाही आणि कोणाला कळलेलंही नाही. आईला सांग, खूश होईल.

फोन का करत नाहीस विचारलंस. फोनवर आई नुसती रडते आणि कार्ड संपतं. कागद बरा.

शिव्या वाढल्या तरी चालतील, लोभ कमी करू नकोस.
तुझा
म्हादू


मिरकरवाडा, रत्नागिरी
दि. ११ जून २००४

चि. म्हादूस,
ताईचे अ. उ. आ. वि. वि. पत्र पोचलं. आम्ही दोघी बऱ्या आहोत.

मासेमारीची बंदी लागली. ट्रॉलर वर ओढलेत, खलाशी आपापल्या गावी गेले. खानावळीत आता बर्फाच्या कारखान्यातले आणि जाळी शिवणारे, एवढीच वीसेक पानं. आई चुलीपाशी, मी वाढायला, नेहमीसारखंच.

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. फेसाचं ऐकून ती इतकी हसली की ठसका लागला. म्हणाली, त्यांना म्हणावं आमच्या बंदरावर या, फेस फुकट आहे, वर थर्माकोलपण मिळेल. शेजारचे रावजीकाका पेपर वाचायला बसले होते. ते म्हणाले, सोळा पदार्थ खाऊन माणूस भुकेला उठतो म्हणजे स्वयंपाकी चोर असला पाहिजे.

चमच्याचं ऐकून मात्र आई ताठ बसली. दुसऱ्या दिवशी मासेवाल्या हौसापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून आली, की माझा पोरगा विलायतेत जाऊनही उष्टं करत नाही. मला ते आवडलं नाही, हे तुला वेगळं सांगते. आई चाखत नाही ते उघड, चार माणसांसमोर. तू पाठ करून करतोस. उद्या सकाळी उठून साहेबाला सांग, की माझ्या घरात असं आहे, मला असंच येतं. तू सांगितलंस तर फार तर ओरडेल. त्याने पकडलं तर खाली पाठवेल.

पावस गावची एक मुलगी सांगून आली आहे. बागायत आहे, दहावी झालेली आहे. मुलगा काय करतो विचारतात. काय सांगू, वाटाण्याचा वाटाणा करतो?

तब्येतीला जप. आमची आठवण कामाच्या आड येऊ देऊ नकोस, पण अगदी विसरूही नकोस.
तुझी
सगुणाताई


नेपल्स बंदर
दि. १९ जुलै २००४

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र हातात पडलं त्याच्या चार दिवस आधी मी पकडला गेलो. तेव्हा हसून घे.

मला गरम बाजूवरून, म्हणजे शेगड्यांकडून, काढून थंड बाजूला दिलं होतं. तिथे टोमॅटो वाटून फडक्यात बांधून टांगतात. थेंब थेंब पाणी गळतं, ते लाल नसतं, पांढरं असतं. त्यात मीठ घालायचं, गोठवायचं, मग खरवडून काचेच्या पेल्यात भरायचं. मीठ घालायचं काम माझं. फ्रिजमधून पातेलं काढलं, नाक लावलं. काहीच कळेना. गार वस्तूला वास नसतो गो. बर्फाच्या कारखान्याशेजारी वाढलो आणि हे डोक्यात आलं नाही. मला वाटलं मीठ पडलंच नाही. सकाळपाळीच्या माणसाने ते आधीच घातलं होतं. मी परत घातलं.

चाळीस पेले बाहेर गेले, चाळीस परत आले. एका बाईने तोंड पुसून आपला रुमाल पेल्यावर पसरून ठेवला होता, मेलेल्यावर घालतात तसा.

साहेब ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. त्याने माझा वापरलेल्या चमच्यांचा डबा ओट्यावर उपडा केला आणि एकेक चमचा उजेडात धरून पाहिला. सगळ्यांच्या डब्यांत चिकट चमचे. माझे कोरडे, धुऊन ठेवल्यासारखे लख्ख.

मला वाचवायला म्हणून आग्नेलने साहेबाला सांगितलं की हा धर्माचा प्रश्न आहे. मग साहेबाने खुर्ची ओढली आणि नीट विचारलं, की तुमच्याकडे आधी कोण जेवतं, देव? मी म्हटलं, सणाच्या दिवशी देव. एरवी कोण? मी म्हटलं, खलाशी. त्याने विचारलं, मग खलाशी तुमचे देव का? आग्नेल हे सांगताना स्वतःच हसायला लागला. साहेबाचं म्हणणं, न चाखता पुढे देणं म्हणजे आपली चूक आधी दुसऱ्याच्या तोंडात घालून बघणं.

आता असं ठरलंय. वीस सप्टेंबरला तो माझ्यासमोर सहा वाट्या ठेवणार, पाणी एकच, मीठ कमीजास्त. चाखून ओळीने लावायच्या. जमलं नाही तर खाली टोपांत. तोवर मी बटाटे सोलतोय.

मी करून पाहिलं ताई. चमचा दातांपर्यंत जातो आणि हात थांबतो. जेवायला बसलो की तोच हात चालतो, चुलीपाशी उभा राहिलो की नाही. भांड्यांना मी भीत नाही, पण पहिल्यांदाच एक काम असं मिळालंय की पायांना मुंग्या येत नाहीत. आईला विचार. ती काय म्हणेल ते जसंच्या तसं लिही, तुझा मसाला घालू नकोस.

रागावलीस तरी पत्र धाड. रागाचं पत्रही वाचायला बरं वाटतं.
म्हादू


मिरकरवाडा, रत्नागिरी
दि. १० ऑगस्ट २००४

चि. म्हादूस,
अ. उ. आ. वि. वि. पत्र आलं त्याच दिवशी आईला वाचून दाखवलं, काही गाळलं नाही.

आईने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली ते असं. चाळीस माणसांच्या तोंडची चव घालवलीस आणि वर माझं नाव सांगतोस? मी चाखत नाही कारण मला कळतं. ज्याला कळत नाही त्याने चाखावं. देवाचं पान असेल तर नको, बाकी खुशाल. नाकावर जायला त्याला अजून वीस वर्षं आहेत म्हणावं. यात माझा मसाला नाही.

इथपर्यंत तिच्यासमोर लिहिलं. आता ती दळण घेऊन गिरणीत गेली आहे. पुढचं तुझ्यापुरतं. वाचलंस की फाड.

आईला कळत नाही रे. तू गेलास त्याच पावसात तिला ताप आला होता, तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. ती कोणाला बोलली नाही. मला समजलं ते डब्यातला सुका बांगडा कुजला होता आणि ती त्या डब्याला टेकून खोबरं किसत होती, तेव्हा. मग एक दिवस कालवणात दुप्पट मीठ पडलं. खलाशांनी तिचा मान राखून पानं तेवढी सरकवली. दुसऱ्या दिवशी सहा जण जेवायला दुसरीकडे गेले.

तेव्हापासून मी चाखते. ती वाफेवर नाक धरते, बरं आहे म्हणते, आणि वळली की मी दोन पळ्या वाटीत काढून मागच्या पडवीत नेते. कमीजास्त असेल ते वाढता वाढता सारखं करते. पहिल्या दिवशी तीनदा चूळ भरली. जूनमध्ये तुला जे शहाणपण शिकवलं ते याच तोंडाने. तिला सांगायचं म्हणून पाच वेळा तिच्यासमोर जाऊन बसले आणि उठले. त्या नाकावर तिने आपल्या दोघांना वाढवलंय.

आता कसं करायचं ते ऐक. टोपात चमचा घालून तोंडाला लावायचाच नाही, तिथे हात थांबणारच. छोट्या वाटीत काढ. चुलीपासून लांब जा, खाली बस. बसलं की हाताला वाटतं जेवण आहे. लगेच गिळू नकोस, जिभेच्या कडेला धर, मीठ तिथे कळतं. उरलेलं परत टोपात घालायचं नाही, मग टोप उष्टा होत नाही. चूळ भर आणि मग दुसरं. मला महिना लागला. हे पत्र पोचेपर्यंत तुझ्याकडे त्याहून कमीच दिवस उरतील, लगेच सुरू कर.

घाबरू नकोस. इथून मी रोज दोन वेळा तुझ्याबरोबर चाखते आहे असं समज.
सगुणाताई


लिस्बन बंदर
दि. २६ सप्टेंबर २००४

ती. ताईस,
सा. न. वि. वि. राहिलो. आधी हे सांगतो, म्हणजे बाकीचं स्वस्थपणे वाचशील.

वीस तारखेला सहा वाट्या आल्या. मी साहेबाला म्हटलं, उभ्याने नाही चाखणार, बसून चाखेन. तो म्हणाला, हवं तर झोपून चाख. बटाट्यांचं खोकं उलटं घालून बसलो. एकेक वाटीतलं दुसऱ्या पेल्यात काढलं, जिभेच्या कडेला धरलं, चूळ भरली, पुढची वाटी. सगळे काम टाकून बघत होते, आग्नेल तेवढ्यात माझ्यावर पैजा लावून मोकळा. वाट्यांच्या बुडाशी लिहिलेल्या आकड्यांप्रमाणे चार बरोबर आल्या, मधल्या दोन उलट्या लागल्या. मला वाटलं गेलं. साहेबाने त्या दोन स्वतः चाखल्या, परत चाखल्या, आणि म्हणाला या दोन्हींत मी मुद्दाम चिमटीचाही फरक ठेवला नव्हता. सोमवारपासून गरम बाजूला जा. तिथे आधी वास घे, तुझं नाक मला हवंय, पण वास घेतला की बसायचं आणि चाखायचं.

मग त्याने विचारलं, हे बसण्याचं कोणी शिकवलं. तुझं पत्र फाडलं होतं, पण सांगून टाकलं सगळं. लिस्बनला तुला कोण ओळखतं? किती दिवस करते विचारलं. मी म्हटलं, वर्ष होऊन गेलं, रोज दोन वेळा. तो म्हणाला, मग त्या खानावळीची स्वयंपाकीण तुझी बहीण आहे. मला ते पटलं, आणि आईसाठी वाईट वाटलं. दोन्ही एकदमच.

पुढचा करार आठ महिन्यांचा, लगेच सुरू. मधे सुट्टी मिळते की नाही विचारशील. खरं सांगतो, मागितलीच नाही. पावसवाल्यांना सांग, मुलगा कुक आहे, पण मुलीला वाट बघायला लावू नका.

आता तुझी पाळी. आईला सांग. माझा डबा साहेबाने सगळ्यांसमोर उपडा केला, तो आवाज अजून कानात आहे. तुझी वाटी तिला पडवीत सापडायच्या आधी तू तिच्या हातात दे. आठ दिवस बोलणार नाही. मग चूक कुठे झाली ते तुलाच विचारेल, कारण कालवण तिला चांगलंच व्हायला हवं असतं. मग तिला कोल्हापूरला नाकाच्या डॉक्टरकडे ने. आग्नेल म्हणतो तापाने गेलेला वास कधी परत येतो, कधी येत नाही. पण न सांगता नेऊ नकोस. एसटीने नको, गाडी कर, तिला घाटात त्रास होतो.

दोघींनी माझ्यावर जसा जीव ठेवलाय तसाच राहू दे.
तुझा
म्हादू

ता. क. आईला सांगितलंस की मगच बँकेत जा. गाडीला आणि डॉक्टरला म्हणून तुझ्या खात्यावर अकरा हजार चारशे रुपये पाठवले आहेत.