पितृपक्षातली माउंटन बाइक

८ सप्टेंबर
माउंटन बाइक घ्यायचं नक्की. घटस्थापनेला आमच्या मंडळाची मुलं सप्तशृंगी गडावरून ज्योत घेऊन नाशिकपर्यंत धावत येतात. पुढे एक सायकलवाला असतो. तीन वर्षं तो मान वरच्या मजल्यावरच्या महेशकडे आहे. त्याची सायकल भंगारवालासुद्धा उचलणार नाही. सहा वर्षं झाली, सोसायटीत मला अजून ‘योगिनीताईंचे मिस्टर’ म्हणतात. यंदा पुढे मी. मीटिंगमध्ये जाहीर केलं. महेश म्हणाला, चालेल की. कणा नसलेला माणूस.

१० सप्टेंबर
रिसर्च. यूट्यूबवरचे तज्ज्ञ मूर्ख आहेत. जो तो म्हणतो, आधी चालवून बघा. मी काय शाळेत आहे? योगिनीने विचारलं, शेवटची कधी चालवली होतीत? नसत्या चौकशा.

१२ सप्टेंबर
पितृपक्षात लोक टाचणीसुद्धा घेत नाहीत. दुकानदार माशा मारत बसतात, भाव पडतात. अख्ख्या नाशिकमध्ये हे फक्त माझ्या लक्षात आलं. योगिनी म्हणते, या पंधरवड्यात नवी वस्तू नको. तोडगा काढला. आणायची, पण वर बसायचं नाही. बसलो नाही तर खरेदी धरली जात नाही.

१३ सप्टेंबर
घेतली! बजेटमध्ये डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. दुकानदार खंडेराव म्हणत होता, उंचीप्रमाणे फ्रेम घ्या. लहान आणि मोठ्या फ्रेमचा भाव एकच. मग लहान कोण गाढव घेईल? सगळ्यात मोठी घेतली. एक चक्कर तरी मारा म्हणाला. त्याला पितृपक्षाचा मुद्दा समजावून सांगितला. त्याने बिलबुक पुढे ओढलं. असल्या लोकांच्या हाती धंदा गेलाय. सायकल टेम्पोतून घरी आणली.

१७ सप्टेंबर
सायकल हॉलमध्ये, प्लास्टिकसकट. योगिनीने तिच्यावर टॉवेल वाळत घातले. काढायला लावले.
सराव जोरात. सोफ्यावर डोळे मिटून पूर्ण घाट उतरतो. गंगापूर रोडला ती गादी शिवलेल्या चड्ड्यांतली सायकलवाली मंडळी दिसली. मिसळ खायला वीस किलोमीटर जातात. कीव आली.

२२ सप्टेंबर, सकाळ. गड.
पूजा झाली, हार घातला, नारळ फोडला. सगळं मंडळ बघत होतं. पहिल्यांदा पाय जमिनीला पोचलाच नाही, आडवा झालो. सीट पार खाली घेतली. पुन्हा आडवा, हारासकट. पूजेचं सामान विकणारी बाई म्हणाली, लय लागलं का रं बाबा. ज्योत पेटलेली, मुलं खोळंबलेली. महेश म्हणाला, तुम्ही माझी घ्या, मी ही चालवतो. त्या भंगारावर मी बसू? नाही म्हणालो. त्याने माझ्या सायकलवर टांग टाकली. ताडमाड आहे मेला. बरोबर बसली त्याला.

संध्याकाळ
टेम्पोत प्रसादाच्या पातेल्याशेजारी बसून आलो. वणीत, दिंडोरीत बायकांनी ओवाळलं ते महेशला. सोसायटीच्या गेटवर योगिनीनेही त्यालाच. फार वाईट वाटलं.
घाटात महेश ब्रेक जरा जास्तच दाबत होता. माझ्याकडे कंट्रोल चांगला आहे.

२३ सप्टेंबर
महेश आला होता. म्हणाला, सायकल द्यायची असली तर मला सांगा. त्याला स्पष्ट सांगितलं, अजिबात विचार नाही, दिवाळीनंतर गडावर एकट्यानेच जायचं ठरवलंय. मी बोलत होतो तेवढ्यात योगिनी आतून सायकलच्या कुलपाची किल्ली घेऊन आली आणि त्याच्या हातात ठेवली.