सात-दहाची गाडी

३ मार्च, मंगळवार

आजचा खरा हिशेब. मशीनवर चार तास. त्या चार तासांसाठी जायला साडेतीन, यायला पावणेपाच. त्यातले दोन पुलाच्या कामापाशी, एका सिमेंटच्या ट्रकच्या बुडाकडे बघत. उलटीच्या पिशव्या तीन. डायलिसिसने हिच्या अंगात जे काही बळ आलं होतं ते परतीच्या रस्त्याने जसंच्या तसं काढून घेतलं. दारात उतरली तेव्हा सकाळी निघाली होती त्याहून वाईट! आणि हे आठवड्यातून दोनदा.

अंतर किती? एकशे अठरा किलोमीटर. जुनी पॅसेंजर हे पावणेदोन तासांत कापायची, तेही रमतगमत. ती बंद होऊन नऊ वर्षं झाली. रूळ आहेत तिथेच आहेत. दिवसभर मालगाड्या धावतात. माणसांना मात्र जागा नाही.

तो ट्रक माझंच गिऱ्हाईक निघाला. मागचा डावा टायर आमच्याकडे रिमोल्ड केलेला, वर चढवलेला नवा पट्टा अजून शाबूत. हायवेवर पंक्चर काढत काढत कारखाना उभा केला मी. रस्ता मला पोसतो आणि हिला खातो.

९ मार्च, सोमवार

दुपारी मास्तर धापा टाकत कारखान्यात. हातात कागद. “शेठ, मंजूर!”

मास्तर म्हणजे आमचे निवृत्त स्टेशनमास्तर, प्रवासी समितीचे सेक्रेटरी. अध्यक्ष अस्मादिक. सातवं निवेदन लागू पडलं. एक एप्रिलपासून नव्वद दिवस, प्रायोगिक. सकाळी सात-दहाला आमच्या स्टेशनातून, नऊला शहरात. संध्याकाळी परत. थांबा दोन मिनिटं. नव्वद दिवसांनी ‘प्रवासी प्रतिसाद’ पाहून पुढचं ठरेल.

पेढे वाटा म्हणाले सगळे. वाटले. पण मला फेब्रुवारीतलं रेल्वेचं ऑफिस आठवत होतं. साहेबांनी आम्हाला बाहेर बसवलं होतं, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. पलीकडे साहेब कोणाला तरी म्हणाले, “देऊन टाका तीन महिने. आपोआप गप्प होतील.” चाकाच्या आवाजावरून आतला खिळा ओळखणारा माणूस मी. प्लायवूड काय अडवणार!

मास्तरांना हे सांगितलेलं नाही. हिलाही नाही.

२१ मार्च, शनिवार

समितीची बैठक. अडचण अशी : गाडी सात-दहाला, आणि आमची तिकीटखिडकी उघडी नऊ ते बारा! खिडकीवाला एकटा, दोन स्टेशनं सांभाळतो. म्हणजे तिकीट आदल्या दिवशी काढून ठेवायचं. कोण येणार काम बुडवून? नाही आले की गाडी रिकामी. रिकामी म्हणजे खेळ खलास.

तोड मी काढली. रबर आणायला मला शहरात जावं लागतंच. तिथल्या मोठ्या खिडकीवर खुली तिकिटं मिळतात, महिनाभर चालणारी, आमचं गाव ते शहर, जाऊन-येऊन. गठ्ठाच आणायचा आणि कारखान्यात टेबलावर ठेवायचा. ज्याला जायचं त्याने छापील भावात उचलावं. ना रांग, ना खाडा. टाळ्या पडल्या.

मास्तर तेवढे चुळबुळले. “शेठ, तिकीट शक्यतो आपल्या खिडकीवर काढावं. खिडकीला बरं असतं.”

“खिडकीला? काय मास्तर, खिडकीला सर्दी झालीय का?”

बैठक खो-खो हसली. मास्तरही हसले. घरी येऊन हिलाही सांगितलं हे.

१ एप्रिल, बुधवार

आली! सात वाजून बारा मिनिटांनी, पण आली. ब्रेक लागले तो आवाज मी नऊ वर्षांनी ऐकला. मालगाडी आमच्याकडे ब्रेक लावतच नाही.

माणसं चढली एकशे चौदा. मी फाटकापाशी उभा राहून मोजली.

३ एप्रिल, शुक्रवार

हिला घेऊन गेलो. खिडकीशी बसली. एकही पिशवी लागली नाही. परतीला चक्क बोलली : “अहो, तुमच्या त्या ट्रकांपेक्षा म्हशी बऱ्या. निदान बाजूला तरी होतात.”

साडेसहाला घरी. पायांनी चालत!

हिच्या वाटचं तिकीट मी गठ्ठ्यातून काढून पाकिटात ठेवलं होतं. ते शेजारच्या शिवणवाल्या बाईंना देऊन मोकळी. म्हटलं, “आणि तुझं?” “माझं आहे.” बरं, आहे तर आहे. टेबलावरून उचललं असेल. 

२० एप्रिल, सोमवार

लिहून ठेवतो, नंतर लोक विसरतात : ही गाडी मी भरली. नशिबाने नाही, सरकारने नाही. तिसरा गठ्ठा संपत आला. शुक्रवारी शहरातल्या गार्डने मला ओळखलं. म्हणाला, “तुमच्या गावाला डबा पुरत नाही, शेठ.” भाषण करायची पाळी आलीच तर पहिलं वाक्य हेच.

हिने ऐकलं आणि म्हणाली, “पहिलं वाक्य तुमचं, दुसरंही तुमचंच. मास्तरांना काय, आभार?”

आज सकाळी अकराला पुन्हा चालायला गेली. सोमवार-गुरुवार नेमाने जाते. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणते. परवापर्यंत जिना चढताना तीनदा थांबायची ती बाई! तरी ऊन फार आहे. म्हटलं, संध्याकाळी जा. ऐकेल तर शपथ.

१४ मे, गुरुवार

गाडी रोज तुडुंब. तरी मन लागत नाही. अजून कोणी मोजायला आलेलं नाही. माझ्या धंद्यात माल उचलण्याआधी गिऱ्हाईक टायर ठोकून बघतं. इथे दीड महिन्यात ना कोणी वही घेऊन आलं, ना पेन. मास्तरांना विचारलं. म्हणाले, “वरून बघत असतील.” वरून म्हणजे कुठून, ढगातून?

८ जून, सोमवार

हिचे रिपोर्ट बरे. डॉक्टर म्हणाले, काय बदललं? मी म्हटलं, वेळापत्रक.

एकवीस दिवस राहिले. मी आताशा दिवस मोजतो. हिच्यासमोर नाही.

२९ जून, सोमवार

शेवटचा दिवस. ‘निर्णय होईपर्यंत सेवा स्थगित.’ निर्णय चौदा जुलैला. संध्याकाळी गाडी आली, माणसं उतरली आणि गाडी गेली. शिवणवाल्या बाई फलाटावर उभ्याच. सगळं ओकंबोकं. लग्न आटोपलेल्या मांडवात असतं तसं.

३ जुलै, शुक्रवार

पुन्हा मोटार. यायला पाच तास दहा. पुलाशी हिचं बीपी उतरलं. हाक मारली तर ओ देईना. पुढच्या बसमधले दोघं उतरून आले, सीट पाडून पाय वर केले. मला सुचलंच नाही काही. हॉर्न वाजवत बसलो होतो नुसता. कोणासाठी?

पोरगी फोनवर रडली, मग चिडली. “बाबा, आईला आता इकडे आणा. माझ्या घरून दवाखाना दहा मिनिटांवर आहे. तुमची गाडी येईल तेव्हा येईल.” डॉक्टरांचंही तेच : हा प्रवास थांबवा.

पोरीचं घर दोन खोल्यांचं. जावईबापू भला माणूस, पण मी तिथे मावणार कुठे? आणि कारखान्यावर अकरा घरं जेवतात. म्हणजे ती तिथे, मी इथे. सदतीस वर्षांनी.

ही म्हणाली, “चौदा तारखेचा निकाल येऊ दे. मग बघू.”

१४ जुलै, मंगळवार

निकाल लागला. सहा गाड्या! रोज सहा फेऱ्या, एक ऑगस्टपासून. दोन शहरांच्या मध्ये कुठेही न थांबता. आमच्या गावासमोर एकच ओळ : ‘नव्वद दिवसांत स्थानकावर विक्री झालेली तिकिटे पंचवीस. थांबा समर्थनीय नाही.’

हिला मशीनवर सोडलं आणि मास्तरांना घेऊन तसाच ऑफिसात. साहेब आज सौजन्याचा पुतळा. पाणी दिलं. संगणकाचा कागद समोर सरकवला.

“साहेब, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तुमच्या गार्डला विचारा. डोळ्यांनी बघितलंय लोकांनी!”

“असेल. पण आमच्या तक्त्यात डोळ्यांचा रकाना नाही, शेठ. तिकीट जिथे विकलं, प्रवासी तिथला.”

“आणि आम्ही शहरात घेतलेली? साडेसात हजार तिकिटं आहेत, माझ्याकडे पावत्या आहेत!”

साहेबांनी कागदावर बोट फिरवलं. “हां, ती दिसतात की. शहराच्या खात्यात. शहराची मागणी एकदम वाढली ना, म्हणून तर सहा गाड्या मंजूर झाल्या.” मग हसून म्हणाले, “खरं तर तुमचे आभारच मानायला हवेत.”

दुरुस्ती करता येईल का? येत नाही. पुढचं पुनरावलोकन? पाच वर्षांनी.

बाहेर आलो. पार्टिशनच्या पलीकडे कोणी काही म्हणालं नाही. आता म्हणायची गरजही नव्हती.

१५ जुलै, बुधवार

मास्तरांना सकाळी धारेवर धरलं. “तुम्हाला माहीत होतं!”

“माहीत होतं, शेठ. मी म्हटलं होतं, खिडकीला बरं असतं.”

“म्हटलं होतं? ओरडायचं होतं! माझी मानगूट धरायची होती!”

मास्तर चष्मा पुसत बसले. मग हळूच म्हणाले, “मी जन्मभराच्या फुकट पासावर फिरणारा माणूस. लोकांना तिकीट काढा, ते इथेच काढा, हे कुठल्या तोंडाने सांगू? आणि तुम्ही सगळ्यांना हसवलंत.”

हसवलं खरं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. लोकांची एक फेरी वाचवायला गेलो. चाळीस वर्षं हेच करत आलोय, मधला टप्पा काढून टाकायचा, माल थेट मोठ्या बाजारातून उचलायचा. त्यावरच वर आलो. आणि साहेबांनी तेच केलं की! मधला टप्पा काढून टाकला.

१७ जुलै, शुक्रवार

जाताना मोटारीत ही म्हणाली, “पोरीला फोन करा. रविवारी येते म्हणावं.” बस्स, एवढंच.

मी म्हटलं, आठवं निवेदन करतो. “करा,” म्हणाली. “तुम्हाला उद्योग हवाच.”

१९ जुलै, रविवार

पोचवून आलो. दोन बॅगा, औषधांचा डबा, उशी. पोरीने खिडकीजवळ पलंग लावलाय. खाली बघितलं तर पलीकडे रूळ. ही म्हणाली, “बघा, गाडी तरी दिसेल.” मग मला म्हणाली, “गिझर बंद करत जा. आणि शर्टाची बटणं शिवणवाल्या बाईंकडे टाका, स्वतः काही करायला जाऊ नका.” मी निघालो तेव्हा झोपेचं सोंग घेतलं होतं तिने. सदतीस वर्षांत हिचा झोपेतला श्वास आणि सोंगातला श्वास मला वेगळा कळत नाही असं तिला वाटतं.

परतीला रस्ता मोकळा होता. पूल झाला. दोन तासांत घरी! मेल्या पुला.

पण डॉक्टर म्हणतात, आता ते दोन तासही नकोत.

२२ जुलै, बुधवार

गिझर चालू राहिला होता.

१ ऑगस्ट, शनिवार

नवी गाडी. पहिली फेरी. कारखान्यातले सगळे फाटकापाशी बघायला गेले, मी मशीनपाशी थांबलो. बघायला कशाला हवं? ऐकू येतं. लांबून आवाज आला, चढत गेला, वाटलं आता ब्रेक, आता... लागले नाहीत. बारा डबे. अकरा सेकंदांत गाव संपलं.

पंचवीस. हा आकडा डोक्यातून जात नाही. साडेसात हजार गेले वाहून आणि हे पंचवीस कोण शहाणे? वाट चुकलेले कोणी? एखादा विमावाला? गावात विचारलं. सगळे म्हणतात, आम्ही तर तुमच्याच टेबलावरून घ्यायचो, शेठ.

५ ऑगस्ट, बुधवार

स्टेशनची खिडकी आजपासून कायमची बंद. खिडकीवाला मास्तरांचा निरोप घ्यायला आला होता, जाताना कारखान्यात डोकावला. “काकू कशा आहेत?” मला वाटलं, ऐकून असेल आजारपणाचं. म्हटलं, तुझी कुठली ओळख?

“म्हणजे काय! सोमवारी न् गुरुवारी, अकराच्या ठोक्याला. दोन जिने चढून यायच्या. मी म्हणायचो, काकू, शेठकडे तर गठ्ठा आहे. म्हणायच्या, असू दे, मास्तर बोलले ते खोटं नसणार.”

पंचवीसच्या पंचवीस तिकिटं हिची.