अप्पांचा पाळणा आणि गच्चीवर पळालेली मशीन

सोलापूर, २१ एप्रिल

ती. बसवराजअण्णांना धाकट्या शिवलीलाचं शरणु. वहिनींचा गुडघा कसा आहे? बार्शीत ऊन किती आहे ते विचारत नाही, सोलापूरकरांनी ते कुणाला विचारू नये. आम्ही सगळे बरे आहोत (ह्यांची मान सोडून, आणि त्यासाठीच हे पत्र). फोनच केला असता, पण आमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो आणि हे शेजारच्या खुर्चीत.

आमची दानेश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार म्हणून आपल्या अप्पांनी केलेला सागवानी पाळणा माळ्यावरून काढला. रंगाचे पोपडे, कडा खरखरीत. तुम्ही मोठ्या मनानं तुमच्या वर्कशॉपमधली घासायची मशीन पाठवलीत, ती काचपेपरचा पट्टा गरगर फिरवणारी. सोबत चिठ्ठीही होती: तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, अंगावर लोंबतं काही नको, एका जागी दाबून धरू नका, खाली ठेवताना प्लग काढा. ह्यांनी ती मोठ्यानं वाचली, अक्षर चांगलं आहे म्हणाले आणि पंचांगात ठेवून दिली. (सत्तावीस वर्षं वीज कचेरीत काढलेल्या माणसाला प्लगचं कुणी सांगावं, असा चेहरा होता.)

पहिल्या दिवशी मास्क लावला नाही, कारण शिट्टी वाजवत काम करायचं होतं. संध्याकाळी गिरणीतून आल्यासारखे दिसत होते, आणि शिट्टीऐवजी शिंका चालू होत्या. पाळण्याच्या एका कडेला इतकं दाबून घासलं की तिथं वाटी बसेल एवढा खड्डा पडला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, बाळाला धरायला बरं की. (बाळ अजून जन्मायचंय.)

दुसऱ्या दिवशी गच्चीवर घासता घासता लाईट गेली. मशीनचं बटण दाबून अडकवलेलंच, प्लग तसाच, मशीन फरशीवर ठेवून हे चहाला बसले. वीज जाते, हे त्यांच्या अंगवळणी पडलंय. ती येते यावर मात्र वीज कचेरीत राहूनही त्यांचा भरवसा नाही. ती आली. मशीन आपोआप सुरू झाली आणि वायर ओढत गच्चीभर पळत सुटली, ती थेट माझ्या वाळत घातलेल्या कुरडयांवरून. तीन किलो गव्हाच्या कुरडया, अण्णा.

हे धावले. खांद्यावर टॉवेल होता. वाकून मशीन धरायला गेले, तर टॉवेलचं टोक पट्ट्यात गेलं आणि मशीननं त्यांना मानेला धरून खाली ओढलं. मी दारातच होते, जिन्यातल्या बोर्डावरचा प्लग हिसकून काढला. नंतर बघितलं तर पट्टा आणि हनुवटी यांच्यात चार बोटांचं अंतर होतं.

मी पहिल्यांदा ओरडले ते कुरडयांवरून. शेजारच्या गच्चीवरून अनवरीभाभी म्हणाल्या, "कुरडया फिर होते भाभी, भाईसाब कू देखो."

मग मी ह्यांच्याकडे बघितलं. ते मान चोळत फरशीवर बसले होते. म्हणाले, "शिवू, ती चिठ्ठी कुठाय?"

त्यानंतर त्यांनी मशीनला हात लावला नाही. मी सुतार बोलावला. पाळणा इतका गुळगुळीत झालाय की अप्पा असते तर दोनदा हात फिरवला असता.

वहिनींना नमस्कार.

तुमची,
शिवलीला

ता. क. सुतार वगैरे कुणी नाही. हे सकाळी पेन्शनरांच्या कट्ट्यावर जातात तेवढ्या वेळात मीच घासला, मास्क, चष्मा, पदर घट्ट खोचून, चार दिवसांत. लई मजा आली. मशीन इतक्यात परत मागू नका. देव्हारा राहिलाय, पाट राहिलेत. काचपेपरचे चार पट्टे पाठवा. ह्यांना कळू देऊ नका.

ता. क. २. अण्णा, मी सिद्धनाथ. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलंय आणि पाकीट चिकटवायचं राहिलंय. ते चार दिवस मी कट्ट्यावर गेलो नव्हतो, जिन्यात बोर्डापाशी प्लगवर हात ठेवून बसून होतो. पट्टे चार नको, आठ पाठवा. आणि मी हे लिहिलंय ते तिला कळू देऊ नका.